केतकीच्या नावाने

खैरनारांची आणि माझी ओळख झाली तेव्हा ते एका भाषणाची वेळ मोजत होते. सिंगापुरातल्या मराठी मंडळींचा गणपती, भाड्यानं घेतलेलं शाळेचं सभागृह, आणि 'दोन शब्द' बोलायला उठलेले प्रमुख पाहुणे. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी शर्टाच्या आतून काळं स्टॉपवॉच बाहेर काढलं, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून डोळे मिटले. पाहुणे समृद्ध वारशावरून नव्या पिढीवर आले, नव्या पिढीवरून स्वतःच्या कंपनीवर आले, आणि एकदाच्या टाळ्या झाल्या. गृहस्थांनी डोळे न उघडता बटण दाबलं आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं. सव्वीस मिनिटं, चौदा सेकंद.

"गेल्या वर्षीपेक्षा चार मिनिटं जास्त," ते म्हणाले. "काही लोकांचा स्टॅमिना वयाबरोबर वाढतो."

परत येताना आम्ही बुकित पंजांगच्या एकाच एलआरटी गाडीत बसलो, एकाच स्टेशनावर उतरलो आणि शेवटी एकाच ब्लॉकच्या एकाच लिफ्टसमोर संशयानं एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. ते बाराव्या मजल्यावर राहत होते, मी नवव्या. दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली राहत होतो आणि दोघांनाही पत्ता नव्हता. त्या दिवशी तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंतच्या प्रवासात त्यांनी मला सांगितलं की ते मूळचे नाशिकचे, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत आहेत, एक मुलगी आहे, ती पोहते, आणि बायको मुलगी पाच वर्षांची असताना गेली. दार उघडलं आणि मी उतरलो. बायकोविषयी ते माझ्याशी त्यानंतर कधीही बोलले नाहीत. जे सांगायचं ते नऊ मजल्यांत सांगून झालं होतं.

मुलीचं नाव केतकी. तेव्हा पंधरा वर्षांची, खांदे रुंद, केस सदा ओले, आणि बोलणं अगदी मोजकं. ती पहाटे तलावावर जायची, तिथून शाळेत, शाळेतून पुन्हा तलावावर. दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक हा तिचा प्रकार. खैरनार रोज पहाटे तिच्याबरोबर जायचे आणि काठावर उभे राहून वेळ मोजायचे. तिचा प्रशिक्षकही वेळ मोजायचा, पण खैरनारांचा माणसांच्या बोटांवर विश्वास नव्हता. "घड्याळ खोटं बोलत नाही हो," ते म्हणायचे. "दाबणारा बोलतो."

या मुलीला पोहण्याच्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेजात जागा मिळवून द्यायची, एवढं एकच काम खैरनारांनी आयुष्यात शिल्लक ठेवलं होतं. मी त्यांना एकदा विचारलं, इथली विद्यापीठं काय वाईट आहेत? ते म्हणाले, "इथे पोहणं हा छंद आहे, मास्तर. तिकडे ते पोरांना पोहण्यासाठी बोलावतात. कुणीतरी बोलावणं ही वेगळी गोष्ट असते." मी एका विद्यापीठात संशोधकांच्या लेखांचं इंग्रजी दुरुस्त करण्याची नोकरी करत होतो, म्हणून मी 'मास्तर'.

ही बोलावण्याची रीत काय असते, ते मला त्यांच्यामुळे कळलं. रीत अशी की आधी आपणच त्यांना सांगायचं की आम्हाला बोलवा. कॉलेजच्या कोचला पत्र लिहायचं, वेळा कळवायच्या, पोहतानाचा व्हिडिओ पाठवायचा. मुलगी ठरावीक इयत्तेत जाईपर्यंत कोचनं स्वतःहून उत्तर द्यायचं नाही, असा तिकडचा नियम. त्यामुळे उत्तर आलं नाही तर तो नकार आहे की नियम आहे, हे कळायला मार्ग नाही. छापील पत्रं मात्र नियमात बसत असावीत, कारण ती ढिगानं यायची. 'आम्ही ज्या प्रकारच्या विद्यार्थी-खेळाडूच्या शोधात असतो तशाच तुम्ही आहात,' हे वाक्य चार वेगवेगळ्या कॉलेजांनी जसंच्या तसं पाठवलेलं मी पाहिलं. खैरनारांनी चारही पत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून फाइलला लावली. त्यातच तिकडचे तलाव यार्डांचे. खैरनार केतकीच्या प्रत्येक वेळेचं मीटरमधून यार्डांत रूपांतर करत बसायचे. "इंग्रज गेले आणि यार्ड विसरून गेले," असं एकदा वैतागून म्हणाले.

एका शनिवारी ते मला शहरातल्या एका हॉटेलात घेऊन गेले. अमेरिकेहून आलेला एक सल्लागार पालकांना मार्गदर्शन करणार होता. झुंबराखाली दीडशे आईबाप वह्या घेऊन बसले होते. निळा कोट घातलेला तो तरणाबांड गृहस्थ मंचावर फेऱ्या मारत सांगत होता की तुमचं मूल हा एक ब्रँड आहे. शेजारची एक चिनी बाई हे वाक्य लिहून घेऊन त्याखाली दोन रेघा मारत होती. खैरनारांनी एकोणीस मिनिटांनंतर घड्याळ बंद केलं. "याच्यापेक्षा आमचा गणपतीवाला बरा," ते कुजबुजले. "त्याच्याकडे निदान आरती तरी असते." पण एक गोष्ट त्यांनी वहीत उतरवून घेतली. कोच आईबापांची पत्रं वाचत नाहीत, पत्र खेळाडूचं स्वतःचं हवं, त्यात खेळाडूचा आवाज ऐकू आला पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात ते माझ्या दाराशी उभे होते, हातात ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेला कागद. पाठकोऱ्या कागदाची काटकसर म्हणून मागच्या बाजूला कंटेनरांच्या याद्या. पुढच्या बाजूला इंग्रजीत पत्र: 'माझं नाव केतकी. मी सोळा वर्षांची आहे.'

"हे केतकीनं लिहिलंय?"

"तिला वेळ कुठे आहे?"

"अहो, पण त्या माणसानं काय सांगितलं होतं?"

"आवाज तिचाच आहे ना. मी फक्त लिहिलंय." माझा चेहरा पाहून ते शांतपणे समजावू लागले. "मास्तर, वीस वर्षं मी साहेबांची पत्रं लिहितोय. मुंबईत असताना पण, इथं पण. मसुदा माझा, सही साहेबांची. मंत्र्याला, बंदराला, वकिलाला, सगळ्यांना साहेबांच्या आवाजात. आजवर कुणी म्हटलं नाही की पत्र साहेबांचं नाही. तलावात ती उतरते, कागदावर मी. त्यात खोटं काय?"

या युक्तिवादात चूक कुठे होती ते मला तेव्हा सांगता यायला हवं होतं. मी लाल पेन काढलं.

अशी पत्रं दोन वर्षं चालली. दर दुसऱ्या रविवारी ते कागद घेऊन यायचे, मी दुरुस्त करायचो, ते फोनवर त्याचा फोटो काढायचे आणि कागद माझ्याकडेच टाकून जायचे. सुरुवातीला पत्रात फक्त वेळा असायच्या. पुढे नियमाची तारीख उलटली आणि ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या कोच बाईंचं पहिलं खरं उत्तर आलं. बाईंचं नाव डोना. त्यांनी वेळांचं कौतुक केलं आणि शेवटी विचारलं होतं, तिकडे पाऊस फार पडतो का? घरी कोण कोण असतं? खैरनारांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. घरी कोण असतं, हे त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नसावं.

त्यानंतर त्यांची पत्रं लांबत गेली. वेळा पहिल्या दोन ओळींत संपायच्या आणि मग केतकी सांगू लागायची. रोज बाल्कनीवर येऊन बसणाऱ्या साळुंकीविषयी, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या दुकानांत एकट्यानं जेवायला बसलं की लोक टेबल मागायला येतात त्याविषयी, नाशिकच्या घाटावर आई पाण्यात पाय सोडून बसायची त्याविषयी. मी माझं काम चोख करत होतो. सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडी शोभणार नाहीत अशी वाक्यं मी एकेक करून कापत होतो. खैरनार विरोध करायचे नाहीत. "तुम्ही म्हणाल ते," म्हणायचे आणि पुढच्या पत्रात तशीच चार वाक्यं पुन्हा आणायचे.

एकदा एक वाक्य आलं. 'शनिवारी दुपारी घर फार शांत असतं, म्हणून मी स्वयंपाकघरातला नळ थोडासा चालू ठेवते. आई भांडी घासायची तेव्हा असा आवाज यायचा.'

"केतकी शनिवारी दुपारी घरी असते?" मी विचारलं.

"नाही, ट्यूशनला."

"मग?"

"मग काढा," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी नाही काढलं. दिवसभर शास्त्रज्ञांची वाक्यं नीट करणाऱ्या माणसाला कधी काळी दुरुस्तीची गरज नसलेलं एखादं वाक्य भेटतं, आणि मग त्याचा विवेक सुटतो. पत्र तसंच गेलं.

ऑक्टोबरात डोनाबाईंनी कळवलं की त्यांच्याकडे ब्रेस्टस्ट्रोकसाठी एक जागा आहे, आणि केतकीशी स्काइपवर बोलायचं आहे. शनिवारी सकाळी आठ ही वेळ ठरली. खैरनारांनी मलाही बोलावलं, धीर म्हणून. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जरी ते कॅमेऱ्यात दिसणार नव्हते. आम्ही दोघं लॅपटॉपच्या मागे, फ्रिजला टेकून उभे राहिलो. केतकी समोर बसली.

डोनाबाई मोठ्या, मोकळ्या आवाजाच्या होत्या. तलाव, शाळा, दुखरा गुडघा, सगळ्यावर बोलणं झालं. केतकी 'यस कोच', 'नो कोच' म्हणत होती. मग बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. त्या म्हणाल्या, "तुझं ते नळाचं पत्र मी माझ्या बहिणीला वाचून दाखवलं. आमची आई गेल्या वर्षी गेली. तू अजून नळ चालू ठेवतेस का गं?"

केतकीनं विचारलं, "कुठला नळ?"

खैरनार माझ्या शेजारी होते. त्यांच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. केतकीनं स्क्रीनवरून नजर उचलली आणि वडिलांकडे पाहिलं. मग डोनाबाई अगदी सावकाश म्हणाल्या, "केतकी, मला एक पत्र लिही. चार ओळी चालतील. तू लिही. मग आपण जागेचं बघू."

त्या दुपारी केतकीनं स्वतःच्या नावाची सगळी पत्रं पहिल्यांदा वाचली. मी नवव्या मजल्यावर होतो. संध्याकाळी मला राहवेना म्हणून वर गेलो, तर दार उघडंच होतं.

"आईबद्दल मला तू एक वर्ड नाही सांगितलास, बाबा," ती म्हणत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मी विचारलं की तू म्हणायचास, नंतर. आणि या बाईला तीन पानं? घाट, साडी, व्हॉट साँग शी सँग, सगळं? हिला तू ओळखत पण नाहीस, लाह!" रागात तिची मराठी अशी सिंगापुरी व्हायची.

"टायमिंगबरोबर थोडं ते पण लागतं ना, बेटा," खैरनार म्हणाले.

"हू सेज?"

मी दाराशी उभा आहे हे केतकीच्या लक्षात आलं. "अंकल, यू ऑल्सो," ती म्हणाली आणि खोलीत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती, खैरनार तिच्या नावानं पत्रं पाठवायचे त्या इमेलचा पासवर्ड बदलून.

पुढचे तीन आठवडे खैरनारांना कशाचाच पत्ता नव्हता. तिनं पत्र लिहिलं की नाही, लिहिलं तर काय लिहिलं, उत्तर आलं का, जागा आहे की गेली. ती पहाटे पोहायला जात होती, पण एकटी. 'येऊ नकोस' असं ती म्हणाली नव्हती. फक्त त्यांना न उठवता जात होती, आणि खैरनार जागे असूनही झोपून राहत होते. संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसायचे. मी चहा ठेवायचो.

"ते वाक्य मी काढायला हवं होतं," मी एकदा म्हणालो.

"नाही," ते म्हणाले. "सगळ्या पत्रांत ते एकच बरोबर होतं."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. हातात काही नव्हतं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "झालं." सकाळी ते पोहे खात असताना केतकीनं त्यांच्यापुढे एक छापील फॉर्म ठेवला. कॉलेजनं पाठवलेला करार. मुलगी लहान, म्हणून पालकाची सही हवी होती. ती म्हणाली, "बाबा, इथे सही कर. तुझी." खैरनारांनी खिशातून पेन काढलं, आणि वीस वर्षं साहेबांसाठी मसुदे लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःचं पूर्ण नाव लिहायला दोन प्रयत्न लागले. केतकीला फॉर्म पुन्हा छापावा लागला.

"पत्रात तिनं काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"सांगत नाही. विचारलं मी. म्हणाली, शॉर्ट होतं."

ऑगस्टमध्ये केतकी गेली. ज्या गोष्टीसाठी या माणसानं दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं, ती गोष्ट म्हणजे त्याचं स्वतःचं घर रिकामं होणं होतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना हिशोब चांगला यायचा. केतकीचा फोन दर रविवारी यायचा. जेवलीस का, पाणी गार असतं का, खांदा कसा आहे, एवढ्यावर संपायचा. स्पर्धांचे निकाल ते कॉलेजच्या संकेतस्थळावर बघायचे आणि मला येऊन सांगायचे, "पाचवी आली," "तिसरी आली." मग बसून राहायचे. मी सुचवलं की आता डोनाबाईंना तुम्ही स्वतःच्या नावानं लिहा. त्या वाचतील. तुम्हाला काय सांगायचं ते त्यांना माहीतच आहे.

खैरनार हसले. "माझ्या नावानं काय लिहू, मास्तर? माझं टायमिंग काय?"

दोन वर्षांनी कंपनीनं त्यांचा विभागच भारतात हलवला आणि त्यांचा सिंगापुरातला नोकरीचा पास संपला. नाशिकला परतले, बहिणीच्या घराजवळ खोली घेतली. फोनवर बोलणं व्हायचं, पण आम्ही दोघंही फोनवर बोलणाऱ्यांतले नव्हतो. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात एका दुपारी ते झोपेत गेले. बहिणीच्या मुलानं मला मेसेज पाठवला. केतकीला पोचायला तीन दिवस लागले, आणि तोवर सगळं उरकलं होतं.

महिनाभरानं परत जाताना ती एक दिवस सिंगापुरात उतरली आणि बुकित पंजांगला माझ्याकडे आली. जेवणाच्या टेबलाशी बसली. चहा घेतला. मी काही सांत्वनाचं बोलायची तयारी करत होतो, तेवढ्यात तिनं विचारलं, "अंकल, बाबाची लेटर्स आहेत तुमच्याकडे?"

"तुझ्या इमेलात सगळी असतील की."

"ती तुम्ही करेक्ट केलेली. मला आधीची हवीत."

कपाटात होती. का ठेवली होती ते मला सांगता येणार नाही, टाकायची राहून गेली होती. मी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. ती एकेक कागद उलटून पाहू लागली. माझ्या लाल रेघा भरपूर होत्या, आणि अभिमान वाटावा इतक्या सरळ होत्या.

"हे सगळं कट कुणी केलं?"

"मी."

"का?"

"तुझ्या वयाला शोभत नव्हतं."

तिनं तो कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "फक्त कट केलेलं वाचून दाखवाल? मला रेडखालचं नीट दिसत नाहीये."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. टेबल मागायला येणाऱ्या माणसांचं, साळुंकीचं, घाटावरच्या साडीच्या ओल्या काठाचं. केतकी गालावर हात ठेवून ऐकत होती. सातआठ पानं झाल्यावर एक वाक्य आलं. 'परीक्षेमुळे दोन आठवडे पोहणं बंद आहे. तरी मी रोज पहाटे साडेपाचला जाऊन तलावाच्या पायऱ्यांवर बसते. दुसरं कुठे जावं ते सुचत नाही.' त्याच्या बाजूला समासात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'अनावश्यक'.

"एक्झाममध्ये मी सातपर्यंत झोपायचे," केतकी म्हणाली. "उठले की बाबा किचनमध्ये माझा डबा भरत असायचा. मला वाटायचं तो पण आत्ताच उठलाय."

मी पुढचा कागद घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "तेच परत वाचा, अंकल. हळू."

मी वाचलं.